गुलाबाच्या देठावर पाच पानं दिसतात. ती पाच पानं की एकच?

एकच पान. तुम्हाला जी पाच पानं वाटतात त्या पर्णिका आहेत, आणि त्या सगळ्या मिळून एक संयुक्त पान होतं.

ओळखायची खूण म्हणजे बगलेतली कळी. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे वरच्या कोनात नखाने चाचपून बघा, बारीकसा टणक फुगवटा लागेल. ती कळी. पुढे तिच्यातूनच नवी फांदी फुटते. आता एकेका पर्णिकेच्या बुडाशी बघा, तिथे काहीच सापडणार नाही. कळी असते तिथेच पान सुरू होतं, हा नियम पक्का धरा. गुलाबात आणखी एक सुंदर पुरावा आहे: देठाच्या तळाला दोन्ही बाजूंनी चिकटलेली हिरवी झालर. ती उपपर्णं, आणि ती अख्ख्या पानाला एकच जोडी असतात. शिवाय फांदीच्या टोकाला वाढता कोंब असतो, पर्णाक्षाच्या, म्हणजे पर्णिका जिच्यावर लागतात त्या मधल्या दांडीच्या, टोकाला नसतो.

पर्णिका मधल्या दांडीवर पिसासारख्या लागल्या तर पान पिच्छाकृती (गुलाब, चिंच). एकाच बिंदूतून पंजासारख्या निघाल्या तर हस्ताकृती, जसं सावरीचं. गुलाबात टोकाला एकटी पर्णिका असते म्हणून तो विषमपिच्छाकृती. चिंचेत जोड्याच असतात, ती समपिच्छाकृती. गुलमोहरात दांडीला पुन्हा दांड्या फुटतात, तो द्विपिच्छाकृती.

लिंबाचं पान मात्र जरूर हातात घेऊन बघा. दिसायला साधं, पण पातं आणि देठ यांच्यामध्ये स्पष्ट सांधा असतो. म्हणून त्याला एकपर्णिकी संयुक्त पान म्हणतात.