छोटा डबा जड का लागतो?

प्रश्न : सहावीला ‘बल’ शिकवते. मुलं म्हणतात, हाताला जड लागेल तेच जास्त वजनाचं. ताणकाट्यावर त्यांचा विश्वास कसा बसवू?

उत्तर : बाई, आधी हाताचीच परीक्षा घ्या. एक छोटा, एक मोठा डबा. आत वाळू भरून दोन्ही बरोबर ५०० ग्रॅमचे करा. वाळू हलू देऊ नका. उचलल्यावर बहुतेक मुलं छोटाच जड सांगतील. ताणकाट्यावर मात्र दोन्हींना सुमारे ४.९ न्यूटन! आता पुन्हा उचलायला द्या, ही पायरी कृपया गाळू नका. आकडा पाहूनही छोटा जडच लागतो. फ्रेंच वैद्य शार्पांतिए यांनी हे १८९१मध्ये नोंदवलं होतं. शेवटी डबे दोरीला बांधून, डोळे मिटून उचलू द्या. आकार ना दिसतो, ना हाताला कळतो. मग दोन्ही सारखेच लागतात.