१९४० ची मुलं आजच्या दुकानात

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी नाटुकलं बसवतोय. १९४० मधली दोन भावंडं आजच्या गावात येतात. ती कुठे अडखळतील?
– एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सर, मोबाइल पाहून दचकणं एकदाच पुरे. खरा प्रसंग किराणा दुकानात आहे. त्यांचा रुपया १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा. १०० पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला आला. त्यामुळे ‘पन्नास पैसे म्हणजे अर्धा रुपया’ हे त्यांना पटणारच नाही. साखर ती शेराने मागतील. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, म्हणून किलो हातात पडला की ‘जास्त कशी?’ हा संवाद आपसूक येतो.

पण हिशेबात त्यांना कच्चं दाखवू नका! पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेली ही पोरं साडेतीन शेरांचा भाव कॅल्क्युलेटरआधी सांगतील.

आगगाडीला बिचकतानाही दाखवू नका. दारव्ह्यावरून ‘शकुंतला’ ही छोटी आगगाडी तेव्हाही धावत होती. मुलं उलट ‘गाडी बंद का?’ म्हणून विचारतील. आणि महाराष्ट्र राज्य त्यांना ठाऊक नाही. त्यांचा प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर.