"मी काही खातच नाही हो!"

"मी काही खातच नाही हो, तरी वजन हलत नाही." आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरचीने खुर्ची ओढून पर्स मांडीवर घेतली की आता ते येणार हे कळतं. घरचे यावर हसतात. मी हसत नाही, कारण बहुतेक वेळा ते खरं असतं, निदान बोलणारीच्या आठवणीपुरतं.

शुभदाताईंचं बघा (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). वय ४९, घर डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात बँकेत. घरी नवरा, कॉलेजातला मुलगा, सासूबाई. वजन ६६ किलो, कंबर ९१ सेंटिमीटर; आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ हा त्याचा उंबरठा. थायरॉइड तपासून झालेलं, नॉर्मल. पाळी लांबत चाललेली, रात्री तीनला घामाने जाग. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सकाळी लिंबू-मध असे तीन प्रयोग करून झाले होते आणि प्रत्येक वेळी दीड महिन्यात गाडी मूळ पदावर.

"दुपारी तीन पोळ्या नि भाजी. रात्री एक पोळी, चमचाभर भात. विचारा आमच्या घरी कुणालाही."

घरी विचारायचं कारणच नव्हतं. घरच्यांनी जे बघितलं तेच त्या सांगत होत्या. मी त्यांना वही करायला सांगितली. चार रकाने : किती वाजता, बसून की उभ्याने, काय, आणि का. वजन-माप नाही, कॅलरी नाही. एकच अट, घास तोंडात गेला की लगेच लिहायचं. वही मिक्सरच्या शेजारी, पेन दोऱ्याने बांधलेलं. रात्री आठवून लिहिणाऱ्यांची वही हमखास फसते, कारण तेव्हा फक्त ताटातलं आठवतं.

आठवड्याने वही आली. ४३ नोंदी, त्यातल्या २७ उभ्याने. "का"च्या रकान्यात "भूक" सहा वेळा. बाकी सगळीकडे : उरलं. तुटली होती. चव बघितली. उरलं. कढईला लागलं होतं. उरलं.

सकाळी डबे भरताना तुटलेली पोळी आणि छुंदा. संध्याकाळी सातला घरी आल्यावर पर्स खांद्यावर असतानाच फरसाणाच्या डब्यात हात. रात्री साडेदहाला ओटा आवरताना वाटीभर भात-आमटी, आणि शेवटी कढईत फिरवलेला पोळीचा तुकडा. ३० ग्रॅम कणकेची पोळी धरली तर साधारण १०० कॅलरी, मूठभर फरसाण दीडशे. कढई पुसून घेतलेलं तेल कोण मोजणार? असा रोज चारशे-पाचशेचा हिशेब होत होता, म्हणजे आणखी एक जेवणच.

शुभदाताईंनी वही मिटली. "म्हणजे मी खोटारडी."

"नाही. तुम्ही दोनदा जेवता. एकदा सगळ्यांसमोर, एकदा एकट्या. दुसऱ्या जेवणाला ताट नाही, म्हणून ते आठवत नाही." मग मी विचारलं, "घरात तुमचं ताट कुठलं?"

प्रश्न त्यांना विचित्र वाटला. सासूबाईंचं काठाचं जुनं ताट ठरलेलं, मुलाची खणाखणांची थाळी, नवऱ्याला मोठं ताट लागतं. "माझं असं नाही. जे धुतलेलं हाताला लागेल ते. कधी नुसती डिश." थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या नावाची सहा ताटं आहेत खरं तर. रुखवतातली. माळ्यावर. पाहुणे आले की काढू म्हणून ठेवली होती."

पुढच्या भेटीला त्या आल्या त्या एक ताट खाली काढूनच. चिंच लावून घासलं, नाव आणि लग्नाची तारीख अजून वाचता येते, म्हणाल्या.

या कामात मला पटलेली गोष्ट हीच, की खाण्याची सवय निर्धारावर टिकत नाही, ती जागेला आणि वेळेला चिकटलेली असते. ओटा, साडेदहा, हातात झारा, एवढं जुळलं की हात आपोआप तोंडाकडे जातो. तिथे मनाला दटावून काही होत नाही. जागा हलवावी लागते. म्हणून मी काय खाऊ नका हे पहिल्या महिन्यात सांगतच नाही. शुभदाताईंना एवढंच सांगितलं, काहीही खा, अगदी फरसाणसुद्धा, पण तुमच्या ताटात घेऊन, बसून.

पहिली अडचण गरम पोळीची. गरम पोळी वाढणारी बाई शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते. यावर तोड अशी निघाली : पोळ्या साडेसातला करून फडक्यात गुंडाळून डब्यात, भांडी टेबलावर, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. रविवारी तव्यावरची. सासूबाई चार दिवस गप्प होत्या, पाचव्या दिवशी त्यांनीच सुनेला हाक मारली, "ये ग, निवतंय."

दुसरी अडचण, "कमी पडलं तर?" या भीतीने दोन वाट्या तांदूळ शिजायचा. दीड केला. तरी उरला तर ओटा पुसण्याआधी डब्यात, आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये. भात रात्रभर बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर नाहीच. सकाळी त्याचा फोडणीचा भात, पण पोह्यांच्या ऐवजी, पोह्यांच्या जोडीला नव्हे. इथे बऱ्याच जणी घसरतात.

सातची भूक मात्र खरी होती. तिचं मूळ दुपारच्या डब्यात. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. आमटी लोकलच्या गर्दीत सांडते म्हणून वीस वर्षं डब्यात डाळच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे शुभदाताईंना रोज ५५ ग्रॅमच्या आसपास. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅम असली तर असली. चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, पाळी जाताना चरबी पोटावर साठायला लागते, आणि नेमक्या त्याच वयात बायका भात तोडतात पण डाळ वाढवत नाहीत. माझ्या मते हे उलटं आहे. आधी डाळ वाढवा, भात आपोआप मागे सरतो.

सांडणार नाही अशी डाळ म्हणजे मोकळी उसळ. शनिवारी रात्री पाव किलो मटकी भिजवायची, आठ तासांनी पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात सैल बांधायची, बारा तासांत मोड. दोघांना चार दिवस पुरते. घट्ट बांधली किंवा पाणी राहिलं की चिकट होते, वास येतो, मग "मला जमत नाही" म्हणून प्रकरण संपतं. उरलेल्या दिवशी झुणका किंवा उकडलेली दोन अंडी. पोळ्या तीनच्या दोन झाल्या, तिसरीची आठवणही आली नाही. आणि साडेपाचला बँकेतून निघायच्या आधी मूठभर फुटाणे नि एक पेरू. फुटाणे छोट्या डबीत न्यायचे. मोठं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं तर त्याचंही फरसाणच होतं.

तेलाचं घाईत सांगते. चौघांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपत होता, माणशी रोज चाळीस मिलीच्या वर. साडेतीन लिटरवर आणायचं असेल तर डब्यातून थेट ओतणं बंद, बरणीत काढून चमच्याने घ्यायचं. उपासाला साबुदाण्याऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दही.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका, साखर धाडकन उतरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारा. आणि लपून खाणं, खाऊन उलटी काढणं असं काही असेल तर ताट-वहीत अडकू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

पाच महिन्यांत शुभदाताईंचं वजन तीनच किलो उतरलं, कंबर मात्र पाच सेंटिमीटर, साखर ५.८. मधे दिवाळीत वही पुन्हा "चिवडा, उभ्याने, डब्यातून" अशा नोंदींनी भरली होती. दिवाळीत भरतेच, त्याचं मी काही मनावर घेतलं नाही.

शेवटच्या भेटीत उठता उठता म्हणाल्या, "काल कढईला वांग्याची भाजी लागली होती. चांगली खमंग."

"मग?"

"पाणी घातलं नि ठेवली मोरीत."