वादळ, वावटळ आणि चक्रीवादळ

प्रश्न असा आहे : ‘दुपारभर उकडत होतं. संध्याकाळी आभाळ भरून आलं, सोसाट्याचा वारा सुटला आणि अर्धा-पाऊण तास गडगडाटासह पाऊस झाला. झाडं आडवी झाली. मी त्याला चक्रीवादळ म्हणालो, तर मुलगी म्हणाली, बाबा, ते नुसतं वादळ. लहान ते वादळ आणि मोठं ते चक्रीवादळ, एवढाच फरक का? मग वावटळ कशाला म्हणायचं?’

मुलीचं बरोबर आहे. फरक मात्र लहानमोठेपणाचा नाही, घडणीचा आहे.

‘वादळ’ हा शब्द मुळात पुष्कळ ऐसपैस आहे. त्याचं मूळ संस्कृत ‘वार्दल’ म्हणजे पावसाळी, झाकोळलेली हवा. हिंदीतला ‘बादल’ त्याच घरातला. हिंदीने त्यातला ढग ठेवला, मराठीने वारा. त्यामुळे जोराचा वारा, मग तो कुठल्याही कारणाने सुटलेला असो, मराठीत वादळच. ‘चक्रीवादळ’ला ही मोकळीक नाही. त्यात वारा एका केंद्राभोवती फिरलाच पाहिजे.

तुमच्या संध्याकाळी काय झालं असेल? तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढत गेली, ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढला, आणि पाऊस कोसळू लागला तशी त्याच्याबरोबर थंड, जड हवाही खाली आदळली. जमिनीला टेकल्यावर तिला बाजूंना पसरण्यावाचून वाट नसते. पावसाआधी अंगावर येतो तो गार झोत हाच. हा वारा सरळ धावतो, गरगरत नाही. पडलेली झाडं बघा. बहुतेक एकाच दिशेला झुकलेली असतील, तर तो सरळ वाऱ्याचाच तडाखा. याला वादळी पाऊस किंवा गडगडाटी पाऊस म्हणावं. ‘झंझावात’ही चालेल. भाषणांत आणि प्रचारात वापरून आपण तो शब्द गुळगुळीत केला, पण अमरकोशात त्याचा अर्थ नेमका आहे : पावसासह येणारा जोराचा वारा. मला तो शब्द पुन्हा हवामानासाठी वापरलेला पाहायला फार आवडेल.

चक्रीवादळ जमिनीवर जन्मत नाही. त्याला समुद्र लागतो, तोही साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला. पाण्याची वाफ वर जाऊन तिचे थेंब होतात, त्यातून उष्णता सुटते, खालचा दाब आणखी उतरतो, आणि चहूकडून धावणाऱ्या वाऱ्याला पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळण लागतं. उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दक्षिणेत काट्यांप्रमाणे. विषुववृत्ताला अगदी लागून हे वळवणं फार क्षीण असतं, म्हणून तिथे चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. विस्तार शेकडो किलोमीटर, आयुष्य काही दिवसांचं. ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी घडवला आणि १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मांडला, तो सापाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वेटोळं! मराठीत त्याहून चपखल प्रतिमा मिळणार नाही. हरिकेन आणि टायफून ही याच प्रकारच्या वादळांची वेगवेगळ्या महासागरांतली नावं.

भारताभोवतीच्या समुद्रात वारा ताशी सुमारे ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतं. त्याआधी ती कमी दाबाचं क्षेत्र किंवा, त्याहून जोर धरला तर, अवदाब. बातम्यांत मात्र सरसकट ‘कमी दाबाचा पट्टा’ येतो, आणि तो मला खटकतो. पट्टा लांबट असतो, क्षेत्र गोलसर. चक्रीवादळ होण्याची शक्यता सांगायची असेल तेव्हा ‘क्षेत्र’च हवं.

ऐन पावसाळ्यात या समुद्रांत मोठी चक्रीवादळं क्वचितच होतात, हे अनेकांना उलटं वाटतं. तेव्हा खाली पश्चिमेकडून आणि खूप उंचावर पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. उभं राहू पाहणारं वेटोळं या ओढाताणीत विस्कटतं. म्हणून त्यांचे दिवस पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे.

वावटळ या दोघांपेक्षाही वेगळी. ती गोल फिरते खरी, म्हणून तिला ‘छोटं चक्रीवादळ’ म्हणावंसं वाटतं, पण तिला ना समुद्र लागतो ना ढग. निरभ्र आकाशाखाली जमीन तापते, हवा झपकन वर उठते, धूळ-पाचोळा घेऊन काही मिनिटं भिरभिरते आणि विरते. पृथ्वीच्या फिरण्याचा तिच्यावर परिणाम व्हावा एवढी ती मोठीच नसते, म्हणून ती कुठल्याही बाजूने फिरते. गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखा खाली उतरतो तो टोर्नेडो. त्यालाही वावटळ म्हणू नये. त्याचा वारा घरं उचलून फेकतो.

वाक्प्रचाराबद्दल एक सांगायलाच हवं. ‘वादळापूर्वीची शांतता’ आपण सतत म्हणतो, पण चक्रीवादळात जीव घेते ती मधली शांतता. त्याच्या डोळ्यात, म्हणजे साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंदीच्या केंद्रात, वारा पडतो, कधी आकाशही दिसतं. लोक ‘वादळ शमलं’ म्हणून बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. अशा वेळी ‘शमलं’ हे क्रियापद चुकीचं आहे. ‘डोळा आला’ म्हणावं.