‘सेफ’ प्रोग्रामिंग लँग्वेज म्हणजे नेमकं काय? अनुभवी प्रोग्रामरला तिची खरंच गरज असते का?

असते. अनुभवी माणसाला तर जास्तच, कारण त्याच्या कोडवर कोणी शंका घेत नाही.

मी बरीच वर्षं सी मध्ये काम केलंय. आमचा एक सर्व्हर अधूनमधून पडायचा आणि कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची नक्कल) उघडला की बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे पोचलो याची यादी) दर वेळी रिपोर्ट मॉड्यूलमधल्या एका ‘फ्री’वर, म्हणजे मेमरी मोकळी करणाऱ्या ओळीवर, येऊन थांबायचा. ते मॉड्यूल टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं लिहिलेलं. झालं, प्रत्येक मीटिंगमध्ये तिचीच उलटतपासणी. टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाले, “लँग्वेज अनसेफ नसते, प्रोग्रामर अनसेफ असतो.” तिचा कोड मी ओळ न् ओळ वाचला होता, त्यात खोट नव्हती. शेवटी अख्खा सर्व्हर व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलखाली चालवला. चूक निघाली भलत्याच फाइलमध्ये, खुद्द टीम लीडनी पूर्वी लिहिलेल्या. नावासाठी ४० बाइट घेतलेले आणि तपासणी ‘लांबी ४० किंवा कमी’ अशी. नाव बरोबर ४० अक्षरांचं आलं की स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य ४१व्या बाइटवर पडायचा, म्हणजे मेमरीतल्या शेजारच्या ब्लॉकचा हिशेब ठेवलेला असतो तिथे. तो ब्लॉक असायचा रिपोर्टचा. तो मोकळा करायची वेळ आली की सर्व्हर आडवा. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिची कोणी माफी मागितली नाही, याचा राग मला अजून आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सेफ लँग्वेजमध्येही चुका होतात, पण चुकलेल्या प्रोग्रामचं काय होणार हे लँग्वेजनं आधी ठरवलेलं असतं. हीच चूक जावामध्ये केली असती तर त्याच ओळीवर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आलं असतं, फाइलच्या नावासकट. सी मध्ये ते ‘अनडिफाइन्ड बिहेविअर’, म्हणजे पुढे काय व्हावं हे लँग्वेजनं ठरवलेलंच नाही. प्रोग्राम तिथेच पडेल, तासाभरानं दुसरीकडे पडेल किंवा पडणारच नाही आणि गुपचूप चुकीची उत्तरं देत राहील. कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) यातलं काहीही चालतं. तपासणी कधी होते हा पुढचा भाग: जावा, पायथन इंडेक्स चालताना तपासतात, रस्ट मेमरी कोणाच्या मालकीची आहे हे बरंचसं कंपाइल करतानाच बघते.

“काळजीपूर्वक लिहा” हा सल्ला मला आता ऐकवत नाही. २०१४चा हार्टब्लीड नावाचा बग आठवा. ओपनएसएसएल या सी मध्ये लिहिलेल्या, इंटरनेटवरचा संवाद एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीत समोरच्यानं सांगितलेली लांबी न तपासता खरी मानली गेली आणि एकेका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंत बाहेर जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सेफ्टीच्या, म्हणजे मेमरी चुकीची वापरल्याच्या, असतात. तिथले लोक काय निष्काळजी आहेत?

हां, सेफ म्हणजे अभेद्य नव्हे, हेही सांगायला हवं. २०२१चा लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचा घोळ जावातच झाला. १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट गेलं, त्यातला कोड एडा या सेफ मानल्या जाणाऱ्या लँग्वेजचा होता: ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, एक्सेप्शन आलं आणि ते हाताळायची सोयच ठेवलेली नव्हती. रस्टमध्येही काही तपासण्या बाजूला ठेवणारा ‘अनसेफ’ ब्लॉक लिहिता येतो. पण निदान कुठे शोधायचं हे त्या शब्दावरून कळतं.

सी सोडणं तुमच्या हातात नसेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका चालताना पकडणारी कंपायलरची सोय) लावूनच टेस्ट चालवा. आणि कोणी सीनिअर बॅकट्रेसमधलं फंक्शन दाखवून ते लिहिणाऱ्याला जाब विचारायला लागला, तर आधी सॅनिटायझरचा रिपोर्ट मागा. तो येईपर्यंत कोणाचंही नाव घेऊ देऊ नका, विशेषतः टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाचं.