नवगावचं ज्यू कब्रस्तान किती जुनं आहे, आणि आता त्याची अवस्था कशी आहे?

तुम्ही विचारलंय की अलिबागजवळ नवगावला ज्यूंचं फार जुनं कब्रस्तान आहे असं ऐकलं, तिथे नक्की कोण पुरलेत, आणि सगळे इस्राएलला निघून गेल्यामुळे ते बेवारस पडलंय हे खरं का. मी अलिबाग तालुक्यातलाच, तिकडे जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू; त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात ते असं, की चौल बंदराकडे निघालेलं एक गलबत नवगावसमोर खडकांवर फुटलं, त्यातले फक्त सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागले, बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली ती तिथेच पुरली, पुरुष एका ठिकाणी आणि बायका दुसऱ्या ठिकाणी. ते दोन उंचवटे म्हणजे या जागेचा सगळ्यात जुना भाग मानतात. आता तिथे स्मारकाचा स्तंभ आहे आणि इस्राएलहून येणारी माणसं आधी तिथेच जाऊन उभी राहतात. हे कधी घडलं यावर एकमत नाही. १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी तो काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास धरला, काहीजण बराच नंतरचा धरतात. कागदावर बघाल तर १७३८ मधलं एका मिशनऱ्याचं पत्र आहे, त्यात स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या, शमा ही प्रार्थना तेवढी माहीत असलेल्या लोकांचा उल्लेख येतो. आणि २०१६ च्या जनुकीय अभ्यासात त्यांचे पूर्वज ज्यू आणि स्थानिक भारतीय दोन्ही असल्याचं दिसलं. मला विचाराल तर तारखेवरून वाद घालत बसण्यापेक्षा हे बघा की वाचलेली माणसं कोकणातच राहिली, तेलाचे घाणे चालवले, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, थळकर ही आडनावं आपल्याच गावांवरून पडली.

आता अवस्था. बेवारस म्हणणं चूक आहे. ज्यू धर्मात पुरलेल्या माणसाची जागा कायमची त्याचीच, थडगं उकरून ती जागा दुसऱ्याला देत नाहीत, त्यामुळे घरचे सगळे इस्राएलमधल्या अश्दोद नाहीतर दिमोनाला राहायला गेले तरी थडगं इथेच राहतं. माणसं येतात, थडग्यावर फुलांऐवजी छोटा दगड ठेवतात, तसे दगड दिसले तर कृपा करून उचलू नका. पण रोज लक्ष ठेवायला जवळपास घरं उरली नाहीत हे खरंच आहे, १९४८ मध्ये इस्राएल देश झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं गेली आणि भारतात आता काही हजारच उरलेत, त्यातलेही बरेचसे मुंबई-ठाण्याला. अलिबागच्या इस्राएल आळीतलं १८४८ चं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, नीट आहे, पण उघड्यावरच्या दगडांचं काय करणार. आमच्याकडे पावसाळ्यात २००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, वर्षभर खारा वारा, दसऱ्यापर्यंत गवत कमरेएवढं, आणि झाडांची मुळं दगडाखाली शिरून तो हळूहळू कलंडतो.

खूप जुनी थडगी तर नुसते दगड आहेत, एक अक्षर नाही. बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी पाट्या पळवल्या, पण लिहायचा प्रघातच नंतर पडला, कारण हिब्रू वाचणारी माणसं फार नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले, १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं, आणि मग दगडांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी यायला लागलं. नावं वाचताना हे लक्षात ठेवा की सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल, आबाजी म्हणजे अब्राहम. घराणं शोधणारे नातू-पणतू इथेच अडकतात, त्यांच्याकडच्या कागदावर एक नाव आणि दगडावर दुसरं.

हिब्रू साल कसं वाचायचं तेही सांगतो. तिथे आकडे नसतात, अक्षरांनाच किंमत असते आणि बहुतेक वेळा हजाराचा आकडा गाळतात. समजा दगडावर ताव, रेश, सामेख ही अक्षरं आहेत: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, म्हणजे ६६०, त्यात १२४० मिळवा, १९०० आलं. पण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं म्हणून ते १८९९-१९०० समजायचं.

माझी खरी कळकळ या अक्षरांसाठी आहे. स्तंभाला कुणी ना कुणी रंग लावेल, पण झिजलेला मराठी मजकूर एकदा गेला की गेला, आणि तो वाचणारी पिढी तिकडे इस्राएलमध्येही आता म्हातारी झालीय. उत्साहाने साफसफाई करायला जाणारे तारेचा ब्रश मारतात, ॲसिड टाकतात, खोबणीत ऑइलपेंट भरतात, यातलं काहीही करू नका, वरचा थरच निघून येतो. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो, दुपारी सपाट दिसणारी अक्षरं तेव्हा उठून दिसतात.

मुंबईतलं बघायचं असेल तर वरळीला ई. मोझेस रोडवर आणि चिंचपोकळीला आहे, चिंचपोकळीचं ससून घराण्याने १८७८ मध्ये बगदादी ज्यूंसाठी, म्हणजे बगदादकडून मुंबईत आलेल्या ज्यूंसाठी, केलेलं. त्याआधी बगदादी आणि बेने इस्राएल यांचं कब्रस्तान सामाईक होतं, आणि १८३६ मध्ये बगदादींनी मध्ये भिंत घाला म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. बेने इस्राएलांना हे फार लागलं असणार.

नवगावला जाण्यासाठी अलिबागहून थळच्या बाजूने रिक्षाने जाता येतं. शनिवारी नका जाऊ, शब्बाथला, म्हणजे त्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू स्वतःही कब्रस्तानात जात नाहीत. आधी इस्राएल आळीत सिनेगॉगमध्ये विचारून घ्या, पुरुषांनी डोक्याला टोपी नाहीतर रुमाल ठेवा, बाहेर आल्यावर हात धुवा. आणि दगडांचे फोटो काढलेत तर थडग्यांच्या ओळीचाही एक लांबून घ्या, नाहीतर कुठला दगड कुठे होता हे घरी बसून कळत नाही.