रूळ ओलांडले, आता नोकरीच्या फॉर्मात काय लिहायचं?

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. कल्याणच्या पुढच्या एका स्थानकावरून तो रोज लोकलने क्लासला जातो. आमच्याकडे एसटी आणि शहर बस पूर्वेला थांबतात, गाडी मात्र पश्चिमेच्या फलाटावर लागते. मधला पादचारी पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. दुसरा पूल पार टोकाला. बसथांब्यामागच्या भिंतीला भगदाड आहे आणि तिथून रुळांवरून जाणारी पायवाट वर्षानुवर्षं वापरात आहे. गेल्या महिन्यात त्याच वाटेने जाताना त्याला आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) पकडलं. थोडी बाचाबाचीही झाली. चौकीत नेऊन जबाब घेतला, जातमुचलक्यावर (तारखेला हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडलं आणि रेल्वे कोर्टाची तारीख दिली. नेमकं आताच स्टाफ सिलेक्शनमधून त्याची केंद्र सरकारी नोकरीसाठी निवड झाली असून अटेस्टेशन फॉर्म (पूर्वचारित्र्य पडताळणीचा फॉर्म) आला आहे. शेजारी म्हणतात, पाचशे रुपये भरून मोकळे व्हा आणि फॉर्मात 'नाही' लिहा, एवढ्याशा गोष्टीची नोंद कुठे राहते? मेहुणे म्हणतात, कोर्टात जाऊच नका. त्याचा पासपोर्टही काढायचा आहे. त्याच्याकडे मासिक पास होता, हे महत्त्वाचं आहे का? – एक वडील, अंबरनाथ

उत्तर : तुम्हाला एकूण तीन सल्ले मिळालेत. त्यातला पाचशे रुपयांचा अर्धा बरोबर आहे, कोर्टात न जाण्याचा चूक आहे, आणि फॉर्मात 'नाही' लिहिण्याचा सल्ला तर मुलाची नोकरी घालवणारा आहे. रूळ ओलांडल्याने सहसा कुणाची सरकारी नोकरी जात नाही. खोटं लिहिल्याने जाते. म्हणून कोर्टाच्या आधी फॉर्मबद्दल बोलू.

केंद्र सरकारच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये हा प्रश्न एकाच वाक्यात उरकलेला नसतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र (जातमुचलक्यासारखी हमी) लिहून घेतलं का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवलं का, असे सुटे सुटे प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं असतं. कुठला खटला प्रलंबित आहे का, हेही वेगळं विचारतात. फॉर्मच्या वरच्या बाजूला इशारा छापलेला असतो की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर तेवढ्यानेच उमेदवार अपात्र ठरू शकतो. तो इशारा कुणी वाचत नाही, पण नोकरीवरून काढल्याच्या आदेशात हमखास त्याचाच आधार घेतलेला असतो.

२०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा विषय तपशिलात हाताळला. त्याचा तुमच्यापुरता मथितार्थ असा : माहिती खरीच द्यायला हवी. तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखा किरकोळ गुन्हा असेल आणि उमेदवाराने तो लपवला असेल, तर नियोक्ता स्वतःच्या अधिकारात ती लपवाछपवी माफ करू शकतो. करू शकतो, केलीच पाहिजे असं नाही. आणि सगळं खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य पाहून निर्णय घ्यायचा नियोक्त्याचा अधिकार उरतोच. आता दोन्ही बाजू तोलून पाहा. खरं लिहिलं तर अधिकाऱ्यापुढे बंद पुलाजवळ रूळ ओलांडणाऱ्या एका मुलाचं प्रकरण येईल, आणि मुंबईच्या उपनगरांत असे किती असतात हे त्यांना आपण सांगायला नको. लपवलं तर पुढे येईल ते खोटं बोलणाऱ्या उमेदवाराचं प्रकरण. पहिल्या फाइलवर शेरा पडतो, दुसरीवर नोटीस निघते.

नोंद कुठे राहते, हा शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. रेल्वेच्या असल्या गुन्ह्यांत नेहमीसारखा एफआयआर होत नाही. आरपीएफचा अधिकारीच चौकशी करतो आणि तोच थेट न्यायालयात तक्रार दाखल करतो, त्यामुळे तुमच्या जवळच्या पोलिस ठाण्याच्या वहीत कदाचित काहीच सापडणार नाही. पण खटला तर न्यायालयात उभा राहणार, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. बरं, हे आज सापडलं नाही आणि दहा वर्षांनी कुणा खवट सहकाऱ्याच्या निनावी अर्जातून निघालं, तर तेव्हा मुलाच्या नोकरीबरोबर त्याचा संसारही टांगणीला लागेल.

तेव्हा आज तुमच्याकडे जो कागद आहे, तो काढून वाचा. जातमुचलक्यावर सोडलं याचा अर्थ बहुतेक वेळा आधी अटक दाखवलेली असते. तशी असेल तर अटकेच्या रकान्यात 'हो'. बंधपत्राच्या आणि प्रलंबित खटल्याच्या रकान्यातही 'हो', आणि सोबत एका कागदावर तारीख, स्थानक, कलम आणि सद्यःस्थिती, चार ओळींत. पूल बंद होता हे लिहा, पण कैफियत मांडू नका.

आता गुन्ह्याकडे वळू. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १४७ सांगतं की कायदेशीर अधिकाराशिवाय रेल्वेच्या कोणत्याही भागात शिरणं, किंवा रीतसर आत येऊन त्या जागेचा गैरवापर करणं, किंवा सांगूनही बाहेर न जाणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकालपत्रात विशेष आणि पुरेशी कारणं नमूद केल्याशिवाय दंड ५०० च्या खाली आणता येत नाही. शेजाऱ्यांचे पाचशे इथून आले. फक्त तो दंड ठरवतो न्यायदंडाधिकारी. चौकीत कुणाच्या हातात पैसे ठेवून हे प्रकरण मिटत नाही, आणि कुणी 'मिटवून देतो' म्हणालाच तर त्या वाटेला जाऊ नका. ती वाट रुळांवरच्या वाटेहून धोक्याची आहे.

मासिक पासचं विचारलंत. पास गाडीने प्रवास करायची आणि त्यासाठी फलाटावर यायची परवानगी देतो, रूळ ओलांडायची नाही. त्यामुळे बचाव म्हणून त्याचा उपयोग नाही. तो नेहमीचा प्रवासी होता, कुठल्या भलत्या हेतूने आत शिरला नव्हता, एवढं दाखवायला मात्र त्याची प्रत जरूर जोडा. हेतूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या नेहमीच्या फौजदारी अतिक्रमणात गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. कलम १४७ मध्ये ती अट नाही. 'घाईत होतो, दुसरा काही हेतू नव्हता' याने शिक्षा हलकी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही.

वर्षानुवर्षांच्या पायवाटेचंही तेच. असा युक्तिवाद माझ्याकडे दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतं आणि तो ऐकायला मोठा न्याय्य वाटतो. पण सरकारी जमिनीवर वहिवाटीचा हक्क सांगायचा तर सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ३० वर्षांचा, अखंड आणि उघड वापर सिद्ध करावा लागतो, तोही दिवाणी न्यायालयात. ज्या वाटेवर लोकांना हटकतात आणि पकडतात, तिला निर्वेध वहिवाट म्हणणं कठीणच. जागेची हद्द कुठे सुरू होते, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. कायद्यातल्या व्याख्येत कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतली जमीन 'रेल्वे'त मोडते. तुमचा मुलगा बसथांब्यावर किंवा भिंतीबाहेर पकडला गेला असता तर मी वेगळं बोलले असते. बसथांब्याच्या आवारात चालणं हा या कलमाखालचा गुन्हा नव्हे. पण तो भिंतीच्या आत, रुळांवर होता. भगदाड पडलं म्हणून भिंत हद्दीची खूण राहत नाही असं कुठलंही न्यायालय म्हणणार नाही.

खटला लढवावा का? माझ्या मते नाही. मुलगा जागेवर पकडला गेलाय आणि चौकीत त्याचा जबाब झालाय. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र आरपीएफचा अधिकारी त्या अर्थाने 'पोलिस अधिकारी' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बालकिशन देवीदयाल खटल्यात ठरवलंय. तो खटला रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखालचा होता, तरी सरकारी वकील त्याचाच आधार घेतील. शिवाय लढायचं ठरवलंत तर दोन वर्षं तारखा पडत राहतील आणि नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर 'प्रलंबित' लिहावं लागेल.

मात्र डोळे मिटून 'गुन्हा कबूल' म्हणायचं नाही. तुम्ही बाचाबाचीचा उल्लेख केलात, आणि साऱ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्या एका शब्दाची. तक्रारीत फक्त कलम १४७ आहे, की सोबत १४६ सुद्धा लावलंय, हे तारखेच्या आधी पाहून घ्या. कलम १४६ म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्याला कर्तव्यात अडथळा आणणं. त्यातही कैद सहा महिन्यांपर्यंतच आहे, पण 'रूळ ओलांडले' आणि 'सरकारी कर्मचाऱ्याला अडवलं' या दोन वाक्यांचा नियुक्ती अधिकाऱ्यावर होणारा परिणाम सारखा नसतो. १४६ असेल तर १४७ ची कबुली द्या आणि १४६ नाकारा. रेल्वे कोर्टात एका सकाळी कितीतरी जण रांगेत उभे असतात, प्रश्न भराभर विचारले जातात आणि माणूस घाबरून सगळ्यालाच मान डोलावतो. कबुलीनंतर अपील करता येतं ते फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा वैधतेवर, दोष ठरवण्यावर नाही. म्हणून त्या दिवशी वकील सोबत हवाच. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

त्या वकिलाला एक काम आवर्जून सांगा. कबुलीसोबत अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ खाली अर्ज द्यायचा. दोन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या कोणत्याही गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल तर, न्यायालय गुन्हेगाराला शिक्षा न करता रीतसर समज देऊन सोडू शकतं. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला चिकटत नाही. पाचशे रुपये वाचावेत म्हणून हे करायचं नसून या कलम १२ साठी करायचंय. किमान दंडाची अट आहे, तेव्हा समज देऊन सोडता येणार नाही, असं रेल्वेकडून म्हटलं जाईल. त्यावर उत्तर असं की कलम १४७ मधला किमान दंड न्यायालयावर पूर्णपणे बंधनकारक नाही, कारणं नोंदवून तो कमी करायची मुभा त्याच कलमात आहे. म्हणून कारणं हातात ठेवा : पूल बंद असल्याच्या फलकाचा फोटो, दुसरा पूल किती लांब आहे ते, पासची प्रत, निवडपत्र. न्यायदंडाधिकारी मान्य करतील याची हमी मी देऊ शकत नाही. नाहीच केलं तर दंड भरा आणि निघा. कलम १४७ चा दंड नैतिक अधःपतनाचा, म्हणजे चोरी-फसवणुकीसारखा, गुन्हा म्हणून गणला जायचं कारण नाही.

समज मिळाली तरी फॉर्मात ती लिहायचीच. कलम १२ अपात्रता काढतं, घडलेली गोष्ट नाहीशी करत नाही.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल फार बोलत नाही. तारखेला न गेल्यास जातमुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते आणि वॉरंट निघतं. चार ओळींच्या खुलाशात जे आवरलं असतं त्याला मग 'फरार' हा शब्द चिकटतो. ठरावीक मुदतीत तक्रार झाली नाही तर खटला चालत नाही, असा हिशेब कुणी सांगितलाच, तर रेल्वेला तक्रार दाखल करायला एक वर्ष असतं आणि तुम्हाला तारीखही मिळालेली आहे.

त्या पुलाविषयी तुमच्या पत्रात राग आहे आणि तो रास्त आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडणं थांबवण्याची कामं एमयूटीपी-३ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) या प्रकल्पात वेगळी धरली आहेत. नुसत्या दंडाने लोक थांबत नाहीत हे रेल्वेलाही कळतं. पूल आणि भगदाडाबद्दल विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना लेखी तक्रार जरूर करा, फक्त ती निकालानंतर आणि तुमच्या नावाने. मुलाला मात्र हे ऐकवा : गाडीतून अपघाताने पडलेल्या तिकीटधारकाला किंवा त्याच्या घरच्यांना रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली भरपाई मिळते, मृत्यू झाल्यास ८ लाख. त्यात चूक कुणाची हे पाहत नाहीत. रूळ ओलांडताना गाडीने उडवलेल्याचं घर त्या कलमात बहुधा बसत नाही. खिशात पास असला तरी.

पासपोर्टचं शेवटी ठेवलं कारण त्यात फारसं काही नाही. पासपोर्ट अधिनियम, १९६७ प्रमाणे जुन्या शिक्षेमुळे नकार मिळतो तो नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल तर. तुमच्या मुलाला ते लागू नाही. अडचण येते ती खटला न्यायालयात प्रलंबित असताना, कारण तेही नकाराचं वेगळं कारण आहे. म्हणून निकाल लागेपर्यंत अर्ज करू नका. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका आणि तीन-चार प्रती काढून घ्या. फॉर्मची मुदत कोर्टाच्या तारखेआधी संपत असेल तर आज प्रलंबित म्हणून भरून पाठवा, आणि निकाल हाती आला की त्याची प्रत स्पीड पोस्टाने त्याच कार्यालयाला धाडा. फॉर्म भरल्यानंतर जे घडेल ते लगेच कळवावं, असं त्याच फॉर्मवर छापलेलं असतं. पोस्टाची पावती जपून ठेवा.